जिल्हा उद्योग केंद्र: स्वतः जाऊन आलेल्यांनी लिहावं

माळरान

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे. पण हे सगळं एका जागी लिहिलेलं मला दीड वर्षापूर्वी सापडलं असतं, तर माझे सहा महिने आणि बरेच पैसे वाचले असते. म्हणून लिहायला बसलोय.

मराठवाड्यात, गावाकडे, पंचायतीच्या हद्दीत लाकडी घाण्याचं युनिट टाकलं आहे. करडई आणि शेंगदाणा. स्वतःची जागा, वर पत्र्याची शेड. या दीड वर्षात जिल्हा उद्योग केंद्राच्या एकवीस फेऱ्या झाल्या. आकडा नेमका सांगतोय, कारण प्रत्येक फेरी वहीत टिपली आहे: तारीख, कोणाला भेटलो, काय सांगितलं.

पहिली चूक माझीच. कार्यालयात जाण्याआधी एका एजंटाकडे गेलो. उद्यम नोंदणी (लहान-मध्यम उद्योगाची सरकारी नोंदणी) आणि 'फाईल' याचे पंधरा हजार घेतले. उद्यम नोंदणी सरकारच्या साइटवर फुकट होते, आधार आणि पॅन लागतं, अर्ध्या तासात काम होतं. १ जुलै २०२० पासून ही पद्धत आहे. पैशे घेणाऱ्या साइटी हुबेहूब सरकारी दिसतात, तेव्हा पत्त्याच्या शेवटी जीओव्ही डॉट इन आहे का एवढं बघा.

दुसरी चूक समजुतीची. मला वाटायचं की उद्योग केंद्र 'उद्योगाचा परवाना' देतं. ते तसा परवाना देत नाही. अन्नाचा परवाना अन्न व औषध प्रशासनाकडे, संमती प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, जमीन महसूल खात्याकडे, ना हरकत दाखला ग्रामपंचायतीकडे, वीज आणखी वेगळीकडे. मग हे कार्यालय कशासाठी, हा प्रश्न मला तिसऱ्या फेरीत पडला आणि मी तिथल्या व्यवस्थापक साहेबांना सरळ विचारला. ते रागावले नाहीत. त्यांनी जे सांगितलं ते घरी येऊन वाचून पडताळलं. डिसेंबर १९७७ च्या औद्योगिक धोरणात, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, ठरलं की छोट्या उद्योजकाला राजधानीला खेटे घालावे लागू नयेत, सगळं जिल्ह्यातच एका छताखाली मिळावं. त्यातून १ मे १९७८ ला जिल्हा उद्योग केंद्रांचा कार्यक्रम सुरू झाला. कल्पना अजूनही मला पटते. छत झालं, पण वर लिहिलेल्या खात्यांपैकी एकही त्याखाली राहायला आलं नाही.

आता पैशाचं. माझं कर्ज पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून झालं. अनुदान म्हणजे हातात पैसे, असं गावात सगळे समजतात, म्हणून हिशेब मांडतो. प्रकल्प २० लाखांचा. मी सर्वसाधारण प्रवर्गातला, युनिट ग्रामीण, म्हणून माझे १० टक्के म्हणजे २ लाख, आणि अनुदान २५ टक्के म्हणजे ५ लाख. बँकेने १८ लाख मंजूर केले. ते ५ लाख सरकारकडून बँकेत येतात आणि माझ्या नावाने तीन वर्षं ठेवीत पडून राहतात. ठेवीवर व्याज नाही, पण तेवढ्या कर्जावरही व्याज लागत नाही. तीन वर्षांनी युनिट चालू असल्याची पाहणी होते आणि मगच ते कर्जात वळते होतात. महिला आणि इतर विशेष प्रवर्गांना ग्रामीण भागात ३५ टक्के आणि स्वतःचा वाटा ५ टक्के. जमिनीची किंमत प्रकल्पात धरत नाहीत. एजंटाने मला 'तीन महिन्यांत पाच लाख खात्यात' असं सांगितलं होतं आणि त्या भरवशावर मी शेडसाठी पाहुण्यांकडून हातउसने घेतले. ते अजून फेडतोय.

आत्ताचा प्रश्न: दोन घाणे आणले, चालतो एकच. गावच्या डीपीवर, म्हणजे विजेच्या रोहित्रावर, आधीच जास्त भार आहे, नवा भार देता येत नाही, असं तोंडी सांगतात. चार महिने झाले. पुढच्या महिन्यापासून पूर्ण हप्ता सुरू होतोय. उद्योग केंद्र यात काही करू शकतं का? आणि तुमचे अनुभव काय? चांगले, वाईट, दोन्ही लिहा.

उत्तरवारा

वाचलं. तुमच्याबद्दल वाईट वाटतं, पण मला हे कार्यालयच नको वाटतं. १९९१ साली परवाना राज संपलं असं आपण शाळेत शिकतो. लहान माणसाचं कुठे संपलं? माझ्या भावाने बेकरी टाकायची म्हणून सात कार्यालयं केली आणि शेवटी सोडून दिली. एवढी वर्षं झाली, जे छत गळतं ते उतरवून टाका आणि तोच पैसा थेट व्याजात सवलत म्हणून द्या.

आवकजावक

उद्योग निरीक्षक म्हणून नोकरी करून निवृत्त झालो, म्हणून दोन्ही प्रतिसादांना उत्तर देतो.

उत्तरवारा, जुलै १९९१ मध्ये बहुतेक उद्योगांसाठी जे संपलं ते १९५१ च्या कायद्याखालचं औद्योगिक लायसन्स. ते मोठ्या कारखान्यांचं होतं. बेकरीला ते तेव्हाही लागत नव्हतं. बेकरीला लागणारे कागद वेगवेगळ्या कायद्यांतून येतात आणि प्रत्येकामागे काही कारण आहे: कुणाचं पोट बिघडू नये, कुणाची विहीर खराब होऊ नये, कामगाराला सुट्टी मिळावी. तो प्रत्येक कायदा वेगळ्या खात्याच्या हातात. उद्योग केंद्राचा महाव्यवस्थापक यातल्या एकाही अधिकाऱ्याला हुकूम देऊ शकत नाही. विनंतीचं पत्र पाठवतो. मी अशी शेकडो पत्रं टाईप करून घेतली आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना उत्तर आलं नाही, हे कबूल करतो. माझ्या शेवटच्या वर्षांत तीन तालुके एकट्याकडे होते. समोर बसलेल्या माणसाला 'पुढच्या सोमवारी या' म्हणताना मलाच लाज वाटायची.

पण एक जागा अशी आहे जिथे या कार्यालयाच्या हातात जोर येतो, आणि ती बहुतेकांना माहीत नसते. माळरान, तुमचं उत्तर तिथेच आहे. जिल्हा उद्योग मित्र समिती. अध्यक्ष जिल्हाधिकारी, सदस्य सचिव उद्योग केंद्राचे महाव्यवस्थापक. वीज, प्रदूषण मंडळ, औद्योगिक विकास महामंडळ, अग्रणी बँक, सगळ्यांचे अधिकारी समोर बसतात. तिथे विषय आला की इतिवृत्तात लिहिला जातो, कोणी काय करायचं तेही लिहिलं जातं, आणि पुढच्या बैठकीत त्याचा अनुपालन अहवाल मागतात. विनंतीच्या पत्राला उत्तर नाही दिलं तर काही होत नाही. जिल्हाधिकाऱ्यांसमोर इतिवृत्तात नाव आलं की अधिकारी जागेवरून उठतो.

त्यासाठी एक पानी अर्ज द्या. विषय एकच ठेवा. सगळी गाऱ्हाणी एका अर्जात कोंबू नका, मग एकही घेत नाहीत. वीजजोडणीच्या अर्जाची तारीख, क्रमांक, पैसे भरल्याची पावती, किती भार हवा, आणि हप्ता कधी सुरू होतो. दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेसह शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. आमच्या खात्यात पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं धरतात. 'डीपीवर भार जास्त आहे' हे तोंडी ऐकू नका, लेखी मागा.

माळरान

आवकजावक काका, मनापासून आभार. एकवीस फेऱ्यांत या समितीचं नाव एकदाही कानावर आलं नाही. उद्याच अर्ज करतो.

अबोली

आमचा दहा जणींचा गट. मिरची, हळद, गोडा मसाला. आम्ही पहिल्यांदा उद्योग केंद्रात गेलो तर म्हणाले, तुमची योजना कृषी खात्याकडे आहे. सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योगांची केंद्राची योजना २०२० मध्ये आली, ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख, आणि आपल्याकडे ती कृषी विभाग राबवतो. मसाला हा उद्योग की शेती, ते आम्हाला कसं कळणार? एसटीने पन्नास किलोमीटर येऊन दिवस बुडाला.

पण तिथल्या एका ताईंनी चिठ्ठीवर योजनेचं पूर्ण नाव, कृषी कार्यालयाचा मजला आणि कोणते कागद न्यायचे ते लिहून दिलं. ती चिठ्ठी अजून माझ्या पर्समध्ये आहे. त्या चिठ्ठीमुळे दुसऱ्या फेरीत काम झालं. माझं एवढंच मागणं आहे की दारातच असा एक माणूस बसवा, ज्याला सगळ्या खात्यांच्या योजना माहीत आहेत. आपलं काम नसलं तरी कुणाचं आहे ते नीट सांगेल असा.

प्रशिक्षणाबद्दलही लिहिते. कर्जासाठी उद्योजकता प्रशिक्षण सक्तीचं होतं, आम्ही सगळ्या नाइलाजाने गेलो. त्यात एका मॅडमनी विचारलं, एक किलो मिरची पावडरीला किती मिरची लागते? आम्ही म्हटलं एक किलो. त्यांनी देठ काढल्यावर, वाळवल्यावर, दळल्यावर किती घटते ते आमच्याकडूनच तोलून घेतलं. आम्ही चार वर्षं घट न धरता भाव लावत होतो. दहापैकी तिघींच्या डोळ्यांत पाणी आलं.

ताळेबंद

प्रकल्प अहवाल करून देणं हा माझा धंदा आहे. आमच्याच व्यवसायातले लोक एकाच अहवालात नावं बदलून छापतात आणि बँकेच्या टेबलावर असे चार सारखे अहवाल एका दिवशी जातात, हे खरं आहे. मग बँक अधिकारी तेही फेकतो आणि पाचवा, खरा असलेलाही फेकतो.

अहवाल कोणी का लिहीना, त्यातला प्रत्येक आकडा तुम्हाला तोंडी सांगता आला पाहिजे. सगळ्यात जास्त गोष्ट राहते ती खेळतं भांडवल. माळरान यांचंच उदाहरण घ्या. करडई निघते फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा भाव उतरलेला असतो, तेव्हाच वर्षाचा माल भरावा लागतो. तेल मात्र बारा महिने थोडं थोडं विकलं जातं. म्हणजे मार्चमध्ये मोठी रक्कम हवी आणि ती परत येणार सावकाश. पण अहवालात लोक वर्षाच्या खर्चाला बाराने भागतात आणि एक महिन्याचं भांडवल मागतात. मंजूर तेवढंच होतं. मार्चमध्ये हात रिकामे, मग जूनमध्ये चढ्या भावाने बी घ्यायचं आणि नफा तिथेच संपला. यंत्राला कर्ज मिळालं आणि बियाण्याला नाही, म्हणून बंद पडलेली युनिटं मी पाहिली आहेत.

एक जाता जाता. दुकान असलेल्यांसाठी: २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीऐवजी नुसती ऑनलाइन सूचना पुरेशी केली. तरीही त्या पावतीचे दोन-तीन हजार घेणारे आहेत. देऊ नका.

लेथ

माझा अनुभव वेगळ्या दाराचा आहे. अनुदान, कर्ज काही घेतलं नाही. चार लेथ, एक मिलिंग, कंपन्यांना सुटे भाग करून देतो. उद्योग खात्याशी संबंध आला तो थकलेल्या बिलांमुळे.

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करारात ९० दिवस लिहिले तरी चालत नाहीत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. तक्रार सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर करायची, ती सुकर परिषदेकडे, म्हणजे अशा थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, जाते. परिषद आधी समेट घडवायचा प्रयत्न करते, नाही झाला तर लवाद. निकाल विरुद्ध गेला आणि खरेदीदाराला कोर्टात जायचं असेल तर रकमेच्या ७५ टक्के आधी भरावे लागतात. एवढा कडक कायदा आपल्या बाजूने आहे.

माझे एका कंपनीकडे चार लाख साठ हजार अकरा महिने अडकले. तक्रार करायला गेलो तर कळलं की माझ्या उद्यम प्रमाणपत्रावर उत्पादन नाहीच. सायबर कॅफेतल्या मुलाने एनआयसी कोड, म्हणजे धंद्याचा प्रकार सांगणारा आकडा, ४६ ने सुरू होणारा टाकला होता, म्हणजे घाऊक व्यापार. धातूच्या वस्तू बनवणाऱ्याचा २५ ने सुरू होतो. २०२१ पासून व्यापाऱ्यांनाही उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती, थकबाकीचं संरक्षण त्यांना नाही. बारा वर्षं लोखंड कापतोय आणि कागदावर मी व्यापारी. माल दिल्यानंतर नोंदणी केली तर आधीच्या मालाला फायदा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलेलं आहे, त्यामुळे आता दुरुस्ती करून जुनी बिलं त्यात बसवायच्या भानगडीत वकिलाने मला पडू दिलं नाही. त्या पैशातले निम्मे तडजोडीत आले, निम्मे गेले.

कोड दुरुस्त केला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका कंपनीने तेच केलं. या वेळी तक्रार टाकली. परिषदेची नोटीस गेल्यावर अठराव्या दिवशी मुद्दल पूर्ण जमा झालं. व्याज मी सोडून दिलं, कारण पुढची ऑर्डर त्यांच्याकडूनच हवी होती. हे बरोबर केलं की नाही, अजून ठरवता येत नाही.

हा धागा वाचणाऱ्या प्रत्येकाने आज आपलं प्रमाणपत्र उघडून कोड बघावा. कृपया बघाच.

माळरान

लेथदादा, तुमचं वाचून लगेच प्रमाणपत्र काढलं. माझा १० ने सुरू होतो, खाद्यपदार्थ उत्पादन. बरोबर आहे. एजंटाने एवढं तरी नीट केलं.

नवखा

मी सव्वीस वर्षांचा आहे, फरसबंदीचे सिमेंट ब्लॉक करायचं डोक्यात आहे. वडिलांच्या नावावर दोन एकर आहे. एनए, म्हणजे जमीन बिगरशेती, केल्याशिवाय काहीच होत नाही का? आणि 'मैत्री' म्हणजे नेमकं काय?

आवकजावक

नवखा, जमीन महसूल संहितेचं कलम ४४-अ वाच. खऱ्याखुऱ्या औद्योगिक वापरासाठी, जमीन त्या कलमाच्या अटींत बसत असेल तर एनएची पूर्वपरवानगी लागत नाही. वापर सुरू केल्यापासून तीस दिवसांत तहसीलदारांना कळवायचं. आधी विकास आराखड्यात गट नंबर कोणत्या झोनमध्ये आहे ते नगररचना कार्यालयात लेखी विचारून घे. शेड बांधून मग विचारायला आलेले फार पाहिलेत.

मैत्री म्हणजे राज्याची एक खिडकी. बऱ्याच खात्यांचे अर्ज एका पोर्टलवर करता येतात आणि २०२३ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. ब्लॉकच्या धंद्याला प्रदूषण मंडळाचा कोणता रंग लागतो तेही बघ. लाल, नारिंगी, हिरवा असे गट आहेत, पांढऱ्याला नुसतं कळवावं लागतं. गटावर शुल्क आणि मुदत ठरते.

आणखी एक हत्यार हातात ठेव. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. अधिसूचित सेवेला ठरलेली मुदत असते आणि ती कार्यालयाने फलकावर लावायची असते. मुदत टळली किंवा अर्ज नाकारला तर तीस दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, मग आयोग. नाकारायचं तर कारण लेखी द्यावं लागतं. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. रक्कम लहान वाटेल, पण सेवापुस्तकात नोंद होईल या भीतीने आमच्या कार्यालयात फायली हललेल्या मी पाहिल्या आहेत.

उत्तरवारा

काका, माझा पहिला प्रतिसाद घाईचा होता. कार्यालय बंद करा हे मागे घेतो. पण एक म्हणणं कायम आहे. जो अधिकार जिल्हाधिकारी खुर्चीत असतानाच मिळतो, तो रोज का नसावा? उद्योग मित्र समितीत पोहोचेपर्यंत माझा भाऊ थांबू शकला नाही. त्याने बेकरीचं सामान विकलं.

आवकजावक

यावर माझ्याकडे उत्तर नाही. तुमचं बरोबर आहे.

माळरान

मंडळी, सात आठवड्यांनी परत येतोय.

अर्ज दिला, पोच घेतली. डीपीबद्दल लेखी मागितलं तर पंधरा दिवस काहीच नाही, मग एक पत्र आलं: रोहित्राची क्षमता वाढवण्याचा प्रस्ताव 'विचाराधीन'. ते अर्जाला जोडलं. बैठकीचं पत्र येत नव्हतं म्हणून दोनदा उद्योग केंद्रात गेलो. या वेळी व्यवस्थापक साहेबांनी स्वतः विषयपत्रिका काढून दाखवली, माझा विषय अकरावा होता.

बैठकीच्या दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या सभागृहात मागच्या रांगेत बसलो. माझा नंबर आला तेव्हा घसा कोरडा पडला होता. महाव्यवस्थापकांनी वाचून दाखवलं: अर्जाची तारीख, पैसे भरल्याची तारीख, बँकेचा हप्ता. जिल्हाधिकारी मॅडमनी वीजवाल्या साहेबांना एकच विचारलं, प्रस्ताव कोणत्या टेबलावर आहे? त्यांनी फोन लावला. प्रस्ताव त्यांच्याच कार्यालयात होता, वरिष्ठांकडे गेलाच नव्हता. 'एकवीस दिवसांत पूर्ण करून अहवाल' असं इतिवृत्तात लिहिलं गेलं. सगळं मिळून चार मिनिटं लागली असतील.

सव्वीसाव्या दिवशी मोठं रोहित्र आलं. लाइनमन शेजारच्या गावचाच निघाला. त्याने फ्यूज बसवला, तिन्ही फेज टेस्टरने बघितले आणि म्हणाला, लावा आता. दुसरा घाणा फिरायला लागला तेव्हा आई शेडमध्येच होती. ओंजळभर करडई तिनेच टाकली.

पहिला पूर्ण हप्ता उशिरा गेला, दंड बसला. तो भरला.

उत्तरवारा, तुमच्या भावाला विचारा, त्यांना अजून बेकरी करायची आहे का. असेल तर कागद घेऊन माझ्याकडे या, अर्ज आपण मिळून लिहू. नवखा, तूही. दर बुधवारी मी जिल्ह्याच्या गावी माल घेऊन जातो, उद्योग केंद्रात बरोबर येईन.